चरक एकाचा, काहील दुसऱ्याची

करंजवाडीत सगळ्यात तापट माणूस कोण, असं विचारलं असतं तर बिगरीतल्या पोरानंही दस्तगीर शिकलगाराच्या छपराकडं बोट दाखवलं असतं. आणि गावातली भांडणं मिटवायला गावानं नेमका तोच निवडला. याला गावाचं शहाणपण म्हणायचं की गावानं केलेली थट्टा, हे त्याला स्वतःलाही कधी उमगलं नाही.

दिवसच तसे होते. बेचाळीसच्या धामधुमीनंतर सातारा जिल्ह्यात इंग्रजांचं राज्य तालुक्याच्या कचेरीपुरतं उरलं होतं. गावोगाव पोरांनी आपलं प्रतिसरकार उभं केलं होतं आणि त्याची न्यायमंडळं बसत होती. पलूसच्या अलीकडं असलेल्या करंजवाडीतही मंडळ नेमायचं ठरलं, तेव्हा देवळापुढं भरलेल्या सभेत पहिला तासभर नुसता गोंधळ झाला. एक भावकी एकाचं नाव घ्यायची, दुसरी भावकी धोतराचा सोगा खोचून उठायची. शेवटी कंटाळलेलं कुणीतरी मागून ओरडलं, "आरं, त्या दस्तगिराला करा की म्होरक्या! कुणाच्या भावकीत न्हाई, कुणाच्या बांधाला त्येचा बांध न्हाई. जमीनच न्हाई तर बांध कुठला!" लोक हसले आणि हसता हसता हात वर झाले. अशा रीतीनं तेवीस वर्षांचा, बिनजमिनीचा, लग्न न झालेला दस्तगीर न्यायमंडळाचा म्होरक्या झाला.

त्याआधी तो माधवनगरला कापडगिरणीत होता. तिथं जॉबरशी, म्हणजे मुकादमाशी, हुज्जत घालून बाहेर पडला. घरी आला तोवर बाप गेला होता आणि धार लावायचं चाक दारात तसंच पडलं होतं. मग त्यानं चाकाचा पट्टा खांद्यावर घेतला. विळे, खुरपी, कोयते, न्हाव्याचे वस्तरे, जे येईल त्याला धार लावायची आणि चाक फिरवता फिरवता जगावर चिडायचं, असा त्याचा दिनक्रम होता. आई हुसेनबी घरात दखनीत बोलायची, पण राग आला की मराठीत यायची. त्यामुळं त्या घरात बहुतेक वेळ मराठीच चालायचं.

मंडळाचं काम मात्र तो जीव लावून करायचा. तालमीत घोंगडं टाकून बसायचा. शेजारी गुरवाचा जोतीराम, हा वयानं त्याच्याएवढाच, पण बोलायला संथ. जोतीराम दोन्ही बाजू ऐकून घ्यायचा आणि दस्तगीर दोन्ही बाजूंना झापायचा. दोघांना सारखंच झापतो म्हटल्यावर लोकांना तो निःपक्षपाती वाटायला लागला. वर्षभरात बांधाची, पाण्याच्या पाळीची, सासुरवासाची कितीतरी प्रकरणं तालमीतच संपली आणि तासगावच्या कोर्टाची वाट करंजवाडी विसरत चालली.

हे गावातल्या म्हाताऱ्यांना सोसेना. आजवर पारावर बसून भांडणं मिटवायचा, म्हणजे खरं तर ती वर्षानुवर्षं जिवंत ठेवायचा, मान त्यांचा होता. एक दिवस पारावरून दस्तगीर चालला असता त्यांनी त्याला हाक मारली.

"दस्तगिरा, चिल्लर भांडणं कुणीबी मिटवंल. सयाजी-नाथाजीचं मिटवा की!"

"मिटवतो," दस्तगीर म्हणाला. विचार करून बोलायची सवय त्याला नव्हतीच.

"संक्रांतीपातूर मिटलं तर तुमचं मंडळ खरं. न्हाईतर तालमीत गप जोर-बैठका काढायच्या. कबूल?"

"कबूल!" असं म्हणून तो तरातरा घरी आला आणि मग आपण काय बोलून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं.

सयाजी आणि नाथाजी सख्खे चुलतभाऊ. दोघांचा मिळून चाळीस-पन्नास माणसांचा गोतावळा. त्यांच्या आज्यानं मरताना वाटणी केली ती अशी : उसाचा रस काढायचा लोखंडी चरक सयाजीच्या बापाला आणि रस कढवायची मोठी काहील नाथाजीच्या बापाला. नातवंडं एकमेकांना धरून राहावीत म्हणून म्हाताऱ्यानं ही अक्कल चालवली. चरक असून काहील नसली तर रस प्यायचा तरी किती? आणि काहील असून चरक नसला तर तीत पोरांना आंघोळी घालायच्या. त्या आज्याला स्वर्गातून खाली ओढून जाब विचारावा, असं दस्तगीरला दिवसातून दोनदा वाटायचं.

पहिली पिढी निभली. चार वर्षांमागं एका आधणाचा गूळ काळा पडला. सयाजी म्हणाला, काहील घासली नव्हती. नाथाजी म्हणाला, चरकात माती होती. एवढ्यावरून बोलणं बंद झालं. पुढच्या वर्षी बांधावर काठ्या निघाल्या आणि सयाजीच्या थोरल्या पोराच्या, गुंडाच्या, डोक्यात कुऱ्हाडीचा दांडा बसला. तेव्हापासून गुंडाला डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. दोन्ही घरं लोकांच्या गुऱ्हाळांवर, लोकांचं उरकल्यावर, आपला ऊस वाळवून वाळवून गाळून आणायची. यंदा मंडळानं गावाला सांगितलं की या दोघांना कुणी गुऱ्हाळ द्यायचं नाही. म्हणजे झक मारत एकत्र येतील. ही युक्ती दस्तगीरची. आता दोन्ही घरांचा ऊस रानात उभा होता, तुरे फुटून वाळत होता, आणि त्याचं पाप त्याच्या माथी होतं.

पौष लागायच्या सुमारास नाथाजी कोयत्यांचा भारा घेऊन धार लावायला आला. भाऱ्याच्या तळाशी एक कुऱ्हाड होती.

"आण्णा, ऊस तोडायला कुऱ्हाड कशाला?"

"लाकडं फोडायची हायत."

"लाकडं फोडायला येवढी धार?"

"तू धार लाव दस्तगिरा. लाकूड किती जाड हाय ते माझं मी बघतो," असं म्हणून तो भारा तिथंच टाकून गेला.

दुसऱ्या दिवशी सयाजी आला. त्याच्याकडं कोयते नव्हतेच, नुसती कुऱ्हाड होती.

"नाथाजीनं आणली हुती म्हणं," तो म्हणाला.

"मग?"

"मग आमची बी लाव."

दस्तगीरचं डोकं सणकलं. "लाव म्हणं! त्या गुंडाचा एक कान गेला त्यो कमी पडला व्हय तुमाला? आता गेल्या खेपंचा दांडा न्हाई, पातं बसायचं! दोन्ही कुऱ्हाडी माझ्याकडं जप्त. जावा, काय करायचं ते करा!" सयाजी कुऱ्हाड तिथंच टाकून निघून गेला. बाहेर गेल्यावर त्याची पावलं पलूसच्या वाटेला लागतात की काय हे दस्तगीर छपरातून वाकून बघत राहिला. पलूसला दुसरे शिकलगार होते आणि बाजारात कुऱ्हाडी काही कमी नव्हत्या. आपण दोन जप्त केल्या म्हणून काय होणार, हे त्यालाही कळत होतं.

मग मंडळ बसलं. निवाडा करायला तसं काही अवघड नव्हतंच. चरक आणि काहील दोन्ही पिराच्या माळावर आणायची. तो माळ कुणाच्याच मालकीचा नाही. एक आठवडा एकाचा ऊस, एक आठवडा दुसऱ्याचा. काहील घासायची मंडळानं, चरक धुवायचा मंडळानं. जोतीरामनं दोघांना एकेक करून विचारलं. दोघांनी सगळं कबूल केलं. दस्तगीरला वाटलं, एवढं सोपं होतं तर चार वर्षं हे लोक काय करत होते?

दोन दिवस गेले. माळावर काही आलं नाही.

"तात्या, चरक?" दस्तगीरनं सयाजीला गाठलं.

"तयार हाय की. त्येची काहील आली की चरक आलाच म्हणून समज."

तिथून तो नाथाजीकडं गेला. "आण्णा, काहील?"

"घासून ठिवलीया. त्येचा चरक माळावर दिसू दे, मागनं काहील निघाली."

दस्तगीरनं कपाळावर हात मारला. निवाड्यात सगळं घातलं होतं, पण आधी कोण हलणार ते घालायचं राहिलं होतं. आणि आता ते कुणीही घातलं असतं तरी चाललं नसतं, कारण ज्याचं नाव घ्यावं तो मागं सरणार. हट्टी लोक गावात पुष्कळ होते, पण असे हट्टी, की हातातोंडाशी आलेला ऊस वाळून चाललाय आणि हे बघतायत कुणाचा पाय आधी उंबऱ्याबाहेर पडतो!

त्याला जोतीरामनं तोड सुचवली. "हे बघ, संक्रांत येतीया. संक्रांतीला धाकटा थोरल्याकडं जातो, तिळगूळ देतो, पाया पडतो. त्यात कमीपणा न्हाई, रीतच हाय ती. एकदा तिळगूळ दिला-घेतला की मग आधी कोण न् मागनं कोण, राहतंच कुठं?"

"बरं. दोघांत धाकटा कोण?"

इथंच घोडं पेंड खाऊ लागलं. सयाजी म्हणाला मी थोरला. नाथाजी म्हणाला मी थोरला. दोघंही प्लेगच्या साली, एकाच रात्री, एकाच घरात जन्मले होते. बायाबापड्यांना विचारलं तर प्रत्येक घर आपापल्याच्या बाजूनं. दोन्ही बाळंतपणं केलेली बनाबाई तेवढी अजून जिवंत होती. दस्तगीर तडक तिच्या झोपडीत गेला.

बनाबाई ऊन खात बसली होती. त्यानं विचारल्यावर तिनं इकडंतिकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

"कुणाला सांगणार न्हाईस?"

"आज्जे, सांगायसाठीच तर इचारतोय!"

"मग न्हाई सांगत."

"बरं बाई, न्हाई सांगणार."

"आरं, एक माजघरात अडलेली, दुसरी पडवीत. मी आपली हिकडनं तिकडं पळतीया. सयाजीच्या आईला सांगितलं, तुजा थोरला. बिचारी हसली, मला खण दिला. मग नाथाजीची आई बी तेच इचारायला लागली. तिला म्हटलं, व्हय बाई, तुजाच थोरला. तिनं बी खण दिला. तवापासनं दर संक्रांतीला दोन्ही घरनं खण येतो." तिनं अंगातल्या चोळीची बाही ओढून दाखवली. "ह्यो सयाजीकडचा."

"आणि खरं कोण थोरला?"

"आता ते मला काय ठावं बाबा? रात्र केवढी अंधारी हुती!"

दस्तगीर तिथून उठला तो थेट ओढ्यावर गेला आणि एकटाच मोठ्यानं ओरडून आला. दोन घरांत चार वर्षं अबोला, एका पोराचा कान गेला, उद्या कुणाचं मुंडकं जाईल, आणि अडलंय कशावर तर बनाबाईच्या चोळ्यांवर! आणि हे गावात सांगायचीही सोय नव्हती. सांगितलं तर दोन्ही घरं एक होऊन म्हातारीवर धावली असती.

घरी हुसेनबीनं भाकरी वाढली. त्यानं ताट सरकवलं.

"काय झालं?"

"आम्मा, ह्या गावात माणसं न्हाईत. ह्या गावात नुसती नाकं हायत!"

"आणि तुझं काय हाय?" हुसेनबी म्हणाली. "पारावर जाऊन कबूल म्हणून कोण आलं हुतं? गप भाकरी खा."

संक्रांत उजाडली. सकाळी दस्तगीर आणि जोतीराम दोन्ही घरांवरून फिरून आले. सयाजी आपल्या ओट्यावर घोंगडं टाकून, नवा पटका बांधून बसला होता. शेजारी तिळगुळाचा डबा. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला नाथाजी आपल्या ओट्यावर, त्याचाही नवा पटका, त्याच्याही शेजारी डबा. दोघंही वाट बघत होते, धाकटा कधी येतोय त्याची. गावातली पोरंसोरं दोन्हीकडं जाऊन तिळगूळ खाऊन आली. उन्हं डोक्यावर आली. नाथाजीनं जेवण ओट्यावरच मागवलं, कारण आपण आत गेलो आणि तेवढ्यात तो येऊन गेला तर? सयाजीनं तर लघवीलाही उठायचं नाही असा नेम केल्यासारखं दिसत होतं. पारावर म्हातारे हे सगळं बघत खुशीत तंबाखू मळत होते.

"दिवस अजून मावळला न्हाई दस्तगिरा," एकजण म्हणाला. "बस की हितं. काय घाई हाय?"

दस्तगीर तरातरा तालमीत गेला. तिथं दहा-बारा पोरं सणाची म्हणून तेल लावून बसली होती.

"उठा. दोन गाड्या जुपा. चरक आन् काहील माळावर न्यायचीया."

"दोघांनी कबूल केलं?" पोरांनी विचारलं.

"व्हय, केलं," दस्तगीर म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो मंडळाच्या नावावर खोटं बोलला. जोतीराम तेव्हा देवळात पूजेला गेला होता, नाहीतर त्यानं अडवलं असतं.

दोन्ही मालक ओट्यावर बसलेले. त्यांची रानं मोकळी. पोरांनी हां हां म्हणता चरक उपटून गाडीत घातला, काहील दुसऱ्या गाडीत उपडी केली, आणि संक्रांतीच्या भर दुपारी, हलगी वाजवत, दोन्ही गाड्या पिराच्या माळावर नेल्या. हलगी वाजवायची गरज नव्हती. पण पोरांना वाटलं, भांडण मिटलंय.

हलगी ऐकून गाव धावलं. सगळ्यात पुढं सयाजी, एका हातात धोतर धरून. दुसऱ्या वाटेनं नाथाजी, पटका सुटलेला. दोघं माळावर पोचले तेव्हा पिराच्या लिंबाखाली चरक रोवला जात होता आणि शेजारी काहील उन्हात चमकत होती.

"कुणाच्या हुकमानं?" सयाजी गरजला.

"कुणाला इचारून?" नाथाजी गरजला.

पोरं चपापली. सगळ्यांनी दस्तगीरकडं बघितलं. दस्तगीर हाताची घडी घालून उभा होता. "माझ्या हुकमानं," तो म्हणाला. "पोरांशी खोटं बोललो मी. काय करायचं ते करा."

"चोरी हाय ही! मंडळ बसवा! आत्ताच्या आत्ता बसवा!"

मंडळाच्या म्होरक्यावरच फिर्याद. जोतीराम देवळातून धावत आला, कपाळाला अजून ओला अंगारा. त्याला घोंगड्यावर बसावं लागलं. दस्तगीर पहिल्यांदाच घोंगड्याच्या समोर उभा राहिला. पारावरचे म्हातारेही काठ्या टेकत आले होते, मजा बघायला.

"फिर्याद कुणाची?" जोतीरामनं विचारलं.

"माझी," दोघं एकदमच म्हणाले.

"सांगा."

सयाजी पुढं झाला. तो काही बोलका माणूस नव्हता. "ह्यो चरक... म्हंजे... आमच्या आज्यानं..." रागानं त्याचे शब्द फुटेनात. त्यानं एकदा चरकाकडं हात केला, एकदा दस्तगीरकडं. मागं कुणीतरी हसलं.

"हसताय काय!" नाथाजी उसळला. "त्येच्या बापाला वाटणीत आलेला चरक हाय त्यो! आमी बारकी हुतो तवा त्येच्या बैलं जुपायच्या लाटंवर बसून फिरलोय. कुणीबी यावं न् उपटून न्यावा? आज त्येचा चरक नेला, उद्या बैलं न्याल!" आणि मागं वळून, सवय मोडलेली आहे हे विसरून, तो म्हणाला, "सांग की रं सयाजी! घाबरतोस काय ह्या कालच्या पोराला?"

 गाडीच्या बैलाच्या गळ्यातली घंटा तेवढी वाजली.

सयाजीनं घसा खाकरला. "सांगतो की नाथा," तो म्हणाला. "काहील नेताना कडंला पोचा आणलाय बघ ह्यांनी. ते बी सांगायचं का?"

"तर! ते आधी सांग!"

दस्तगीरच्या जिभेवर सगळं तयार होतं. कुऱ्हाडी. गुंडाचा कान. तुरे आलेला ऊस. बनाबाईच्या चोळ्या, ज्या एका वाक्यात त्या दोघांना जमिनीवर आणतील. चार महिने साठलेला संताप घशाशी आला होता आणि गावासमोर तो ओतायला याहून चांगली वेळ पुन्हा मिळणार नव्हती. त्याच्यावर चोर म्हणून बोट रोखणारे हे दोन इसम स्वतः काय होते, ते त्यानं असं मांडलं असतं की म्हाताऱ्यांनीही माना खाली घातल्या असत्या.

"दस्तगीर," जोतीरामनं विचारलं, "तुला काय म्हणायचं हाय?"

दस्तगीरनं तोंड उघडलं. समोर ते दोघं उभे होते, खांद्याला खांदा लावून, एकाच माणसावर डोळे वटारून. चार वर्षांत दिसली नव्हती एवढी जवळीक. आपण आता एक शब्द जरी आपल्या बाजूनं काढला तर या दोघांना एकमेकांकडं बघावं लागेल, हे त्याला दिसलं. त्याला फार वाईट वाटलं, कारण त्याची बाजू खरोखर चांगली होती.

"काय न्हाई," तो म्हणाला. "माझं चुकलं."

गर्दीत उभ्या हुसेनबीनं पदर सावरला आणि डोळे बारीक करून पोराकडं बघितलं. हा आपलाच ना, याची तिला खात्री करून घ्यायची असावी.

जोतीरामनं निवाडा दिला. मंडळाच्या नावावर खोटं बोलला म्हणून दस्तगीर आजपासून म्होरक्या नाही, आणि मंडळातही नाही. शिवाय या दोन घरांचा ऊस संपेतोवर चुलाणाला जाळ घालायचं काम त्यानं फुकट करायचं. "आन् चरक न् काहील," जोतीराम संथपणे पुढं म्हणाला, "आता आलीयाच हितवर, तर फिर्यादींना पुन्हा वढत न्यायचा तरास नको. हितंच राहू देत."

"बराबर हाय," सयाजी म्हणाला.

"शिक्षा कमीच हाय," नाथाजी म्हणाला.

पारावरच्या म्हाताऱ्यांची पंचाईत झाली. भांडण पोरांनी मिटवलं म्हणावं, तर पोरांचा म्होरक्या चोर ठरला होता. मिटवलं नाही म्हणावं, तर समोर दोघं भाऊ काहिलीचा पोचा चाचपत उकिडवे बसले होते. आपल्याच म्होरक्याला खाली उतरवणारं मंडळ गावानं कधी बघितलं नव्हतं. त्या दिवसापासून तालमीच्या घोंगड्यासमोर म्हातारेही आपली गाऱ्हाणी घेऊन यायला लागले. घोंगड्यावर मात्र आता जोतीराम बसायचा.

गुऱ्हाळ सुरू झालं. ओली चिपाडं पेटेनात, म्हणून पहिले काही दिवस दस्तगीरला लाकडं फोडून घालावी लागली. घरात जप्त केलेल्या दोन कुऱ्हाडी होत्याच, त्या त्यानं आणल्या. धार लावलेली नव्हती, त्यामुळं एकेका ओंडक्याला घाम निघायचा. धुरानं डोळे लाल, भुवया करपलेल्या, आणि वर एका घोंगड्यावर बसून सयाजी आणि नाथाजी त्याला ऐकू जाईल अशा बेतानं बोलायचे.

"जाळ तरी नीट घालतोय का बघ."

"ह्येचा बा बरा हुता. ह्यो कुणावर गेलाय कुणास ठावं."

"गिरणीतनं बी असाच हाकलला आसंल."

"तर! फुकट का सोडत्यात कोण!"

मग नाथाजीनं तिळगुळाचा डबा पुढं केला, सयाजीनं हात पसरला. "घे, गोड बोल." "बोलतो की. पर ह्येच्याशी न्हाई." दस्तगीरनं दात आवळले आणि चुलाणात असं लाकूड फेकलं की ठिणग्या काहिलीच्या वर गेल्या. पण बोलला नाही. गावातला सगळ्यात तापट माणूस तो महिनाभर गप राहिला. हुसेनबीनं त्याला दोन-चारदा कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं.

गूळ पिवळाधमक उतरला. ऊस संपला. दस्तगीरची शिक्षा संपली, पण दोन्ही घरांनी त्याच्याशी धरलेला अबोला काही संपला नाही. पुढच्या वर्षी प्रतिसरकार आटोपतं झालं, त्याच्या पुढच्या वर्षी स्वातंत्र्य आलं, गावात झेंडा लागला, पेढे वाटले गेले. सयाजी-नाथाजीनं दस्तगीरच्या छपरासमोरून जाताना तोंडं फिरवायचं सोडलं नाही. दर वर्षी हंगामात कोयते यायचे, ते पोरांच्या हातून. गुंडा यायचा, चांगला कान पुढं करून "कवा येऊ न्यायला?" विचारायचा. भाऱ्याच्या तळाशी काय आहे ते दस्तगीर आधी बघायचा. कुऱ्हाड कधी आली नाही.

त्या दोन जुन्या कुऱ्हाडी त्याच्याच छपरात राहिल्या. मेढीच्या खांबाला दोन खुंट्या मारून त्यानं त्या टांगून ठेवल्या होत्या. लोखंड गंजत चाललं होतं. दर संक्रांतीला हुसेनबी त्याच्यामागं लागायची.

"आरं, लोकांच्या वस्तू हायत. जा, देऊन ये परत. जाताना तिळगूळ घेऊन जा, माफी माग, झालं गेलं मिटवून टाक. तूच धाकटा हाईस. त्यात काय कमीपणा हाय?"

एकोणपन्नासच्या संक्रांतीलाही ती हेच म्हणाली. बाहेर गल्लीतून ते दोघं चालले होते, नव्या पटक्यांत, गुऱ्हाळाकडं. छपरासमोर आल्यावर दोघांचा आवाज चढला आणि काहिलीच्या पोच्याचा विषय निघाला.

दस्तगीर चाक फिरवत होता. त्यानं कान देऊन ते पुरतं ऐकलं, पुढं निघून जाईपर्यंत ऐकलं. मग त्या खुंट्यांकडं बघितलं.

"मला काय घाई हाय आम्मा?" तो वैतागून म्हणाला. "हव्या असतील तर मागायला येतील. दोघांतला आधी कोण येतोय ते बघू."